टिकलीएवढी गोष्ट

आपल्यापैकी कुणाच्याही घरी जा. बाथरूमच्या आरशावर, कपाटाच्या दारामागे, नाहीतर बेसिनच्या वरच्या टाइलवर एकदोन टिकल्या चिकटलेल्या दिसणारच. रात्री तोंड धुताना काढून ठेवलेल्या. एखादी मरून, एखादी काळी, एखादीचा खडा पडलेला. सकाळच्या घाईत त्यातलीच एक काढायची, डिंक उरलाय का ते बोटानं बघायचं आणि कपाळावर दाबायची. एक टिकली दोन दिवस चालते, तीन दिवस चालते. मग कधीतरी कणीक मळताना ती परातीत पडते, नाहीतर मुलाच्या शर्टाला चिकटून शाळेत जाते! अख्खं पाकीट दहा-वीस रुपयांना मिळतं. त्यातली एक हरवली म्हणून कुणी शोधत बसत नाही. 'टिकलीएवढं' हा शब्दच मुळी आपण क्षुल्लक गोष्टीसाठी वापरतो. टिकलीएवढी जागा, टिकलीएवढी जखम.

पण याच टिकल्या घेऊन एका बाईनं हत्तीण घडवली. चांगली हत्तीएवढी हत्तीण!

माझी भाची आर्ट कॉलेजात शिकते. तिनं मोबाइलवर मला त्या हत्तिणीचा फोटो दाखवला, तेव्हा आधी काही कळलंच नाही. एक हत्तीण जमिनीवर कोसळलेली. बसतेय की उठतेय, झोपलीय की जीव सोडतेय, काही सांगता येत नाही. ''मावशी, जरा मोठं करून बघ ना,'' भाची म्हणाली. मोठं केलं तर काय, सोंडेपासून शेपटीपर्यंत अंगभर टिकल्या! पांढऱ्या, वळवळत्या, एकीला लागून एक. लांबून जी त्वचा वाटत होती, ती सगळी टिकल्यांची. फायबरग्लासचा सांगाडा आणि त्यावर हातानं चिकटवलेली ही कातडी. २००६ सालचं हे शिल्प. करणारीचं नाव भारती खेर.

नाणं उडवलं आणि दिल्ली आली

भारतीचा जन्म लंडनचा, १९६९चा. आईवडील भारतीय, पण वाढली आणि चित्रकला शिकली ती तिकडेच. शिक्षण संपल्यावर कुठं जायचं हे ठरेना. न्यूयॉर्क की दिल्ली? मग बाईंनी चक्क नाणं उडवलं. दिल्ली आली. १९९३ साली ती इकडे आली ती काही कायमची राहायला नव्हे. पण इथं सुबोध गुप्ता हा बिहारमधून आलेला चित्रकार भेटला, लग्न झालं आणि ती इथलीच झाली. सुबोधचं नाव पुढे जगभर झालं ते स्टीलच्या भांड्यांमुळे. ताटं, डबे, पेले, चिमटे रचून तो शिल्पं करतो. म्हणजे बघा, एकानं स्वयंपाकघरातलं उचललं आणि दुसरीनं आरशासमोरचं.

टिकली भारतीच्या हाती लागली ती बाजारात. १९९५च्या सुमाराची गोष्ट. एका बाईच्या कपाळावर तिनं वळवळत्या शेपटीची टिकली पाहिली. आपणही ती लावलेली आहे, आठवतं? आपण तिला सापाची टिकली म्हणायचो. भारतीला मात्र त्यात साप दिसला नाही, शुक्रजंतू दिसला. जी खूण 'या बाईचं लग्न झालंय' असं सांगते, तिचाच आकार पुरुषाच्या बीजासारखा! आणि ती खूण बाई स्वतःच्या हातानं रोज कपाळावर लावतेय, तेही फॅशन म्हणून. भारतीनं ती टिकली कुठं मिळते ते विचारून घेतलं, दुकान गाठलं आणि होती तेवढी पाकिटं घेऊन आली. तेव्हापासून आजवर टिकलीनं तिला सोडलेलं नाही.

परदेशात वाढलेल्या बाईला टिकलीचं अप्रूप वाटलं, त्यात काय मोठंसं, असं आधी मलाही वाटलं होतं. पण विचार केला तेव्हा जाणवलं, की आपण जे रोज लावतो त्याकडे आपण कधी बघितलेलंच नसतं. बघायला कुणीतरी बाहेरून यावं लागतं.

करंड्यापासून पाकिटापर्यंत

माझ्या आजीची फणेरपेटी होती. आत आरसा, फणी, मेणाची डबी आणि कुंकवाचा करंडा. आधी मेणाचं बोट कपाळावर गोल फिरवायचं, त्यावर पिंजर दाबायची, मग पदराच्या टोकानं कडा सारख्या करायच्या. रोज नवं कुंकू आणि रोज थोडंसं वेगळं. कधी टपोरं, कधी घाईत वाकडं. आईच्या वेळी ओल्या गंधाची बाटली आली, झाकणाला काडी लावलेली. आणि मग आला स्टिकर. 'शिल्पा'च्या टिकल्या! (नावच शिल्पा. तेव्हा कुठं ठाऊक होतं, की एक दिवस खरंच टिकल्यांची शिल्पं होतील!) मखमली कापडाचे गोल कापायचे, मागे डिंक, पुढे कागद. हजारो, लाखो, सगळ्या एकसारख्या. आजीच्या कुंकवात तिचं बोट होतं. टिकलीत ते राहिलं नाही, तिथं यंत्र आलं.

एक मात्र चांगलं झालं. कुंकू पुसता येत नव्हतं, टिकली काढता येऊ लागली. साडीला मॅचिंग टिकली आली, ड्रेसवर बारीक टिकली आली. टीव्हीवर 'कसौटी जिंदगी की'मधली कोमोलिका रोज नवी नक्षी कपाळावर घेऊन यायची आणि आठवड्याभरात तशी पाकिटं आपल्या बाजारपेठेत लटकायची. कुंकवाचा धाक टिकलीनं कमी केला असं आपल्याला वाटलं.

पण खरंच कमी झाला का? टिकली न लावता बाहेर पडलं तर 'अगं, कपाळ मोकळं का?' असा प्रश्न आजही येतोच ना? एकीकडे दहा रुपयांची फॅशन आणि दुसरीकडे सौभाग्याची निशाणी, असे हे दोन्ही अर्थ त्या एवढ्याशा गोलात एकाच वेळी बसलेले आहेत. भारतीनं नेमकं तेच पकडलं.

त्वचेची भाषा

त्या हत्तिणीच्या शिल्पाला भारतीनं इंग्रजीत नाव दिलंय. त्याचा अर्थ साधारण असा : 'त्वचा जी भाषा बोलते, ती तिची स्वतःची नसते.' हे भाचीनं मला समजावून सांगितलं आणि मला माझी आत्या आठवली.

आत्यानं तीस वर्षं एकाच जागी, एकाच मापाची स्टिकरची टिकली लावली. मामांच्या निधनानंतर तिनं ती काढली. म्हणजे बायकांनी काढायला लावली. तेव्हा लक्षात आलं, की टिकलीच्या जागी कपाळावर एक पांढरा ठिपका उमटलाय. अगदी गोल, अगदी टिकलीच्या मापाचा. असं होतं म्हणे. काही टिकल्यांच्या डिंकातल्या रसायनामुळे त्वचेचा रंग जातो. त्वचेच्या डॉक्टरांना हे चांगलं ठाऊक असतं. तुमच्याही कपाळाला टिकलीखाली खाज येत असेल किंवा रंग उतरलेला वाटत असेल, तर ती टिकली लगेच बंद करा आणि डॉक्टरांना दाखवा.

तर टिकली काढली, तरी आत्याच्या कपाळावर ती होतीच. फक्त लाल नव्हती, पांढरी होती. संक्रांत आली की घरात हळदीकुंकू असायचं. तिळाच्या वड्या आत्याच करायची, तिच्यासारख्या खुसखुशीत कुणाला जमायच्या नाहीत. वाणाच्या वस्तू तीच मोजून लावून ठेवायची. आणि बायका यायची वेळ झाली, की हात धुऊन मागच्या खोलीत जाऊन बसायची. तिला कुणी 'जा' म्हणायचं नाही. कुणी 'ये'ही म्हणायचं नाही. बाहेर बायका वड्या खाऊन 'काय सुरेख झाल्यात हो' म्हणायच्या, ते तिला आत ऐकू जात असणार.

त्वचा तिची होती. तिच्यावर काय लिहायचं आणि काय पुसायचं हे मात्र दुसरेच ठरवत होते. भारतीच्या हत्तिणीसमोर उभं राहून कला समीक्षक काय म्हणतात ते मला ठाऊक नाही, पण मला त्या पांढऱ्या टिकल्यांत माझी आत्या दिसते. एवढा मोठा जीव, आणि एवढ्या एवढ्याशा खुणांनी झाकलेला.

''टिकल्या तर मीही चिकटवीन!''

२०१० साली लंडनला सदबीजच्या लिलावात ही हत्तीण सुमारे पंधरा लाख डॉलरला विकली गेली. तेव्हाचे जवळजवळ सात कोटी रुपये. हे मी आमच्या भिशीच्या ग्रुपमध्ये सांगितलं, तर एकच गलका झाला. ''टिकल्या चिकटवायचे सात कोटी? मग मीही चिकटवते उद्यापासून!'' हसून हसून पुरेवाट झाली. पण प्रश्न काही चुकीचा नाही. बाजारात मिळणारी वस्तू घेऊन ती मांडली, तर ती कला कशी?

हा वाद शंभर वर्षांचा आहे. १९१७ साली मार्सेल द्यूशां या फ्रेंच कलावंतानं न्यूयॉर्कच्या एका प्रदर्शनासाठी चक्क दुकानातलं मुतारीचं भांडं पाठवलं होतं. तेव्हापासून कारखान्यातली वस्तू कलेत आली ती आलीच. घानाचा एल अनात्सुई दारूच्या बाटल्यांची बुचं तांब्याच्या तारेनं जोडून भिंतभर झळाळते पडदे करतो. अमेरिकेची टारा डोनोव्हन प्लॅस्टिकचे पेले हजारोंनी रचून बर्फाळ डोंगर उभे करते. एक पेला म्हणजे कचरा. पण तोच हजारोंनी एकत्र आला, की तो पेला राहत नाही.

आपल्याला हे कळायला खरं तर परदेशात जायला नको. आपल्याकडे बायका लक्ष वाती करतात. एक वात म्हणजे काय, कापसाची चिमूट. पण लाख वाती वळायला बसलं, की महिनेच्या महिने जातात. वात वळता वळता हात थकतो, मन शांत होतं, कधी रडू येतं, कधी सगळं आयुष्य डोळ्यांसमोरून जातं. बेलाची लाखोली वाहतानाही तेच. मोजलेली, पुन्हा पुन्हा केलेली साधी गोष्ट शेवटी साधी उरत नाही. भारतीचं काम मला त्या जातीचं वाटतं.

तिचं एक काम तर नेमकं असंच आहे. नाव 'व्हायरस'. २०१० साली तिनं ते सुरू केलं. दर वर्षी एकसारख्या दहा हजार टिकल्या, भिंतीवर चक्राकार लावायच्या. सोबत एक मजकूर. असं तीस वर्षं करायचं, २०३९पर्यंत. तेव्हा ती सत्तर वर्षांची असेल. एकूण टिकल्या तीन लाख.

दहा हजार म्हणजे किती, याचा मी घरी बसून हिशेब केला. रोज एक नवी टिकली लावली, तर दहा हजार टिकल्या सत्तावीस वर्षं पुरतील. आणि आपल्यासारखी एक टिकली तीन दिवस चालवली तर? ब्याऐंशी वर्षं! म्हणजे भिंतीवरचं ते एक चक्र हा एका बाईचा अख्खा जन्म झाला. आरशासमोरची रोजची सकाळ, रोजचं कपाळ, सगळं त्यात आलं. भिशीत हा हिशेब सांगितला, तेव्हा मात्र कुणी हसलं नाही.

बांगडी 'वाढवली'

टिकलीवरच भारती थांबली नाही. देवमाशाचं हृदय किती मोठं असतं हे तिनं टिकल्यांनी दाखवलं. जगातला सगळ्यात मोठा प्राणी म्हणजे निळा देवमासा. त्याचं हृदय तिनं खऱ्या मापाचं केलं, पुरुषभर उंचीचं, आणि त्यावरही टिकल्यांची कातडी चढवली. मोठाले आरसे फोडले आणि त्यांच्या तड्यांवर टिकल्या लावल्या. आपल्याकडे आरसा फुटला की अपशकुन. तिनं फुटलेल्यालाच सजवलं. आपल्या बाथरूमच्या आरशावरची टिकली आता मी जरा वेगळ्या नजरेनं बघते, ती यामुळे.

आणि बांगड्या! काचेची बांगडी फुटली तर आपण 'फुटली' म्हणत नाही, 'वाढली' म्हणतो. त्या एका शब्दात किती भीती लपलेली आहे! भारतीनं दहा टन काचेच्या बांगड्या वितळवल्या. दहा टन म्हणजे दहा हजार किलो. त्यांच्या विटा पाडल्या आणि त्या विटांची खोली बांधली. तिचं नाव 'बहिरी खोली'. २००२ सालच्या गुजरातच्या दंगलीत बायकांचं जे झालं, त्याची पार्श्वभूमी या कामाला आहे. बांगडीचं सगळं आयुष्य तिच्या आवाजात असतं. घरात बाई आहे हे आधी कानाला कळतं ते किणकिणीनं. त्या सगळ्या बांगड्या वितळून दगडासारख्या झाल्या, गप्प झाल्या. फोटो बघतानाही तो गप्पपणा अंगावर येतो.

कणभर हलकं वाटावं म्हणून आता बाहुल्यांचं सांगते. आपण गौरीपुढे आरास करतो, तशी दक्षिणेत नवरात्रात 'गोलू' मांडतात. पायऱ्या पायऱ्यांवर मातीच्या रंगीत बाहुल्या. देव, देवी, वाणी-वाणीण, लग्नाची वरात. साच्यातून काढलेल्या, बाजारात ढिगानं मिळणाऱ्या. भारती त्या जमवते, तोडते आणि एकीचा तुकडा दुसरीला जोडते. बाईला प्राण्याचं अंग, एकीच्या धडावर दुसरीचं डोकं. अशाच एका मालिकेतून तिची 'अँसेस्टर', म्हणजे 'पूर्वज', उभी राहिली. अठरा फूट उंचीची ब्राँझची आई. अंगाखांद्यावर तेवीस मुलांची डोकी. सप्टेंबर २०२२मध्ये ती न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कच्या तोंडाशी बसवली आणि पुढच्या ऑगस्टपर्यंत येणारे-जाणारे तिच्याकडे मान वर करून बघत होते. हाताच्या बोटाएवढ्या, धक्का लागला तरी फुटणाऱ्या बाहुल्यांची ही पणजी!

कपाळ कुणाचं?

त्याच २०२२ साली आपल्याकडेही एक गोष्ट घडली. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातलं हेरवाड हे गाव. तिथल्या ग्रामपंचायतीनं मे महिन्यात ठराव केला : नवरा वारल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र तोडायचं नाही, जोडवी काढायची नाहीत. छत्रपती शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीचं ते वर्ष. त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं.

एका बाजूला ग्रामसभेचा ठराव, दुसऱ्या बाजूला दूर कुठल्यातरी दालनातलं शिल्प. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. पण दोन्हीकडे विषय तोच. टिकली आणि बांगडी.

भारती खेर कुठं उपदेश करत नाही. टिकली लावा, असंही नाही आणि लावू नका, असंही नाही. मला ते बरं वाटतं. कारण आपल्याला आधीच सांगणारे खूप आहेत. लग्न झालं की लाव म्हणून सांगणारे, नवरा गेला की काढ म्हणून सांगणारे. भारती फक्त ती वस्तू इतकी मोठी करून दाखवते, की ती आता नजरेआड करता येत नाही. मग काय वाटायचं ते ज्याचं त्याला वाटतं. मला टिकली आवडते. मरून, मध्यम मापाची. ती मी लावते ती मला आवडते म्हणून, आणि उद्या नाही लावली तरी ती माझीच इच्छा असेल. एवढं साधं वाक्य स्वतःशी म्हणायला मला पन्नाशी यावी लागली. माझी भाची विशीतच म्हणते.

ठराव कागदावर होतात, ते चांगलंच आहे. पण हळदीकुंकवाला कुणाला बोलवायचं याचा ठराव ग्रामपंचायत करू शकत नाही. तो आपल्या घरात, आपल्या ओट्याशी होतो. म्हणून मैत्रिणींनो, एकच सांगते. येत्या संक्रांतीला वाण किती लागेल म्हणून यादी करायला बसाल, तेव्हा आधी एकदा बघा, वड्या कुणी केल्यात. आणि ती मागच्या खोलीत असेल, तर जाऊन हाताला धरून बाहेर आणा. टिकलीचं पाकीट पुढं करा. लावायची की नाही ते तिचं तिला ठरवू द्या.